डांबर संपतं तिथून पुढे

इंदूरहून कुठल्याही दिशेला सायकल काढा, रिंग रोड ओलांडा, नव्या कॉलन्यांच्या कमानी मागे पडू द्या, आणि मग वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत अशी एक जागा येतेच जिथे डांबर संपतं आणि पुढे लालसर तपकिरी मुरूम दिसायला लागतो. बहुतेक सायकलवाले तिथून वळतात. मला मात्र त्या जागेच्या पुढचंच सगळं हवं असतं, रविवारची सकाळ मी त्याच्यासाठी राखून ठेवते, आणि हे लिहायला बसले कारण ओळखीतले लोक अजूनही विचारतात की इंदूरच्या आसपास सायकल चालवायला आहे तरी काय, एक सुपर कॉरिडोर आणि एक बायपास.

अहो, खूप आहे. शेतांच्या मधून जाणाऱ्या गाडीवाटा आहेत, तलावांच्या पाळी आहेत, जंगल खात्याचे कच्चे रस्ते आहेत, एका गावाच्या देवळापासून दुसऱ्या गावाच्या शिवापर्यंत जाणाऱ्या पाणंदी आहेत, आणि यातल्या बहुतेकांवर सकाळभरात चारचाकी एकसुद्धा दिसत नाही. कधी एखादा ट्रॅक्टर, दुधाच्या कॅन लटकवलेली मोटरसायकल, बकऱ्या. एवढीच काय ती ट्रॅफिक.

बाहेरच्या देशांत या प्रकाराला आता मोठं वलय आहे. अमेरिकेत कॅन्सासमधल्या एम्पोरिया गावातून २००६ पासून ग्रॅव्हलची, म्हणजे खडी-मुरुमाच्या कच्च्या रस्त्यांवरची, एक मोठी शर्यत निघते, फ्लिंट हिल्सच्या गवताळ टेकड्यांमधून, सगळे रस्ते चुनखडी आणि गारेच्या खडीचे, टायर फाडणारे. इटलीत टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिक लोक शर्यत लावतात आणि २०२२ मध्ये तर ग्रॅव्हलची पहिली जागतिक स्पर्धासुद्धा झाली, तीही इटलीतच. मी हे सगळं फोनवर बघते, आवडीने बघते, आणि दर वेळी हेच मनात येतं की असा रस्ता तर आपल्या कंपेल गावाच्या पुढे आहे, पाळ्या गावाच्या मागे आहे, आपल्याला फक्त तो रस्ता वाटत नाही, "अरे वो तो खेत का रस्ता है" म्हणून सोडून देतो.

आता कानांबद्दल सांगते, कारण माझ्यासाठी सगळी गोष्ट तिथे आहे. हायवेवर सायकल चालवताना डोळे पुढे असतात पण कान सतत मागे. ट्रकचा आवाज वेगळा, बसचा वेगळा, उसाची किंवा गव्हाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा वेगळा, आणि प्रत्येकाचा आवाज ऐकून आपण मनात हिशोब करत असतो की हा किती जवळून जाईल, खाली उतरायचं का, शोल्डरवर खडी आहे का. वर मी बाई, पन्नाशी ओलांडलेली, हेल्मेटखालून ओढणी गुंडाळलेली, तर मोटरसायकलवरचे पोरगे वेग कमी करून शेजारी येतात, बघतात, काहीतरी बोलतात, जातात. तेवढ्या वेळात मी कुठून जातेय, बाजूला गहू होता की हरभरा होता, काही कळत नाही. दोन तास सायकल चालवून घरी आले की खांदे दुखतात आणि ते पेडल मारून दुखत नाहीत, अंग चोरून दुखतात. मुरुमाच्या रस्त्यावर पहिल्या दहा मिनिटांत हे सगळं सुटायला लागतं. आधी टायरखालचा खर्रर्र आवाज ऐकू येतो, मग टिटवी, मग लांबच्या विहिरीवरची मोटर, मग कुणीतरी कुणाला हाक मारतंय ते. मागे काही नाही हे कानांना पटायला थोडा वेळ लागतो, पण एकदा पटलं की माणूस पुढचं बघायला मोकळा होतो.

आणि बघायला इकडे जे आहे ते किती वेगवेगळं आहे, हे इंदूरच्या लोकांनासुद्धा पुरतं माहीत नाही असं मला वाटतं. आपण माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर राहतो. दक्षिणेला महूच्या पलीकडे जमीन हळूहळू चढत विंध्याच्या धारेपर्यंत जाते आणि तिथे एकदम तुटते, खाली निमाड आणि नर्मदा. त्या धारेच्या अलीकडे पडलेला पाऊस उत्तरेला जातो, क्षिप्रा, गंभीर, चंबळ, मग यमुना, मग गंगा, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. पलीकडे पडलेला पाऊस चोरल नदीतून नर्मदेत आणि अरबी समुद्रात. महूच्या पुढे कुटी गावाजवळचा जानापावचा डोंगर, उंची ८५४ मीटर, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक तिथे जातात, आणि चंबळचा उगम तिथलाच. म्हणजे एका सकाळी सायकलवर आपण दोन समुद्रांच्या पाण्याच्या मधल्या उंचवट्यावर असू शकतो, आणि घरी येऊन बारा वाजता वरण-भात खाऊ शकतो. मला याचं अजूनही नवल वाटतं.

या उंचवट्याचा सायकलशी थेट संबंध आहे. आपल्याकडचा दगड सगळा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले त्यातून झालेला. तो झिजतो, फुटतो, त्याचा मुरूम होतो. मुरूम आणखी झिजला, कुजला, वर्षानुवर्षं पाण्याबरोबर खाली वाहत गेला की त्याची काळी माती होते. त्यामुळे उंचावर, टेकाडांच्या पाठीवर माती पातळ आणि मुरूम उघडा, आणि खाली नाल्यांच्या काठाला काळी माती पुरुषभर खोल. जुन्या गाडीवाटा शक्य तिथे टेकाडाच्या पाठीनेच जातात, बैलगाडीवाल्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. मी रूट काढताना सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे बघते, ते त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर मिळतात, त्यातल्या उंचीच्या रेषा बघायच्या आणि तुटक रेघांनी दाखवलेला कच्चा रस्ता उंचवट्यावरून जातोय की नाल्याच्या कडेने, ते बघायचं. उंचावरून असेल तर पाऊस पडून दोन दिवस झाले तरी जाता येतं. नाल्याच्या कडेने असेल तर दिवाळीपर्यंत विसरा.

काळी माती म्हणजे काय ते सायकलवाल्याला विचारा. "मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर" असं इकडे म्हणतात आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते शंभर टक्के खरं आहे, या मातीत पाणी धरून ठेवायची ताकद आहे म्हणून तर ओल कमी असली तरी इथे हरभरा येतो. पण तीच ताकद चाकाला धरते. जुलैमध्ये ओल्या काळ्या मातीवर सायकल घाला, पहिली दहा-पंधरा फूट काही नाही, मग टायर जाड दिसायला लागतो, मग चाक धरणाऱ्या चिमट्याच्या आत मातीचा थर बसतो, त्यात गवताच्या काड्या, सोयाबीनचं पान, मग आणखी माती, आणि मग चाक फिरायचंच थांबतं. उतरून ढकलायला जावं तर ढकलताही येत नाही, खांद्यावर घ्यावी तर सायकलचं वजन दुप्पट झालेलं. चपटी काडी घेऊन ती माती खरवडावी लागते, आणि खरवडताना कळतं की ती किती मऊ, किती गुळगुळीत, अगदी लोण्यासारखी आहे, हाताला खडा म्हणून लागत नाही. अर्ध्या तासाने तीच माती वाळून टायरवर दगड होते. पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून फाटते, उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात त्यात माझा हात कोपरापर्यंत जातो.

आणि मग ऑक्टोबर येतो. सोयाबीन काढायला ट्रॅक्टर ओल्या रस्त्यावरून गेलेले असतात, त्यांची चाकोरी वीतभर खोल पडलेली असते आणि वर कडक ऊन, की ती चाकोरी तशीच्या तशी वाळून टणक होते. दोन खोल चर आणि मध्ये गवताचा पट्टा. चरात चाक गेलं की ते चर नेतील तिकडेच जावं लागतं, पेडल कडेला घासतं, हँडल वळवायला गेलं की आडवं. अशा ठिकाणी मी सरळ मधल्या गवतावरून जाते, वेग कमी, गेअर हलका, नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-बारा फूट लांब. डिसेंबरपर्यंत गाड्या जाऊन जाऊन आणि गुरं चालून चालून त्या कडा झिजतात, वर बारीक धूळ बसते, आणि तेव्हापासून होळीपर्यंत आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही. एक गोष्ट नक्की लक्षात येते, जिथे गाड्या वेगात जातात तिथे कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा पडतात, हाडं खिळखिळी करणाऱ्या, त्या चाकांच्या वेगानेच तयार होतात. जिथे फक्त बैल, बकऱ्या आणि हळू जाणारा ट्रॅक्टर असतो तिथे त्या नसतात. म्हणजे रस्त्यावर बसून कुणाला मोजायची गरज नाही, रस्ताच सांगतो की त्याच्यावरून कोण जातं.

हिवाळ्यात मी जास्त करून हातोदच्या बाजूला जाते, यशवंत सागरकडे. गंभीर नदीवरचा होळकरांच्या काळातला तलाव, २०२२ मध्ये याला आणि शहरातल्या सिरपूर तलावाला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. गुलावटचं कमळांचं खोरं आता इंस्टाग्रामवर फार झालंय, रविवारी तिथे गाड्यांची रांग असते, पण तिथून बाजूला फुटणाऱ्या वाटांवर कुणी येत नाही. गव्हाची शेतं, लसणाचे वाफे, मध्येच पाण्याचा एक हात शेतात शिरलेला, काठावर बाभळी. जानेवारीत धुकं असतं तेव्हा आधी आवाज येतो, तुतारीसारखा, लांबवर जाणारा, आणि मग धुक्यात दोन उंच राखाडी आकृत्या दिसतात, लाल माना. सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, उभा राहिला तर माणसाच्या उंचीचा. गव्हात उभी असलेली जोडी मी शंभर-सव्वाशे फुटांवरून बघितली आहे, सायकल आडवी करून खाली बसले होते, ते चरत चरत पुढे गेले, मान खाली, दोन पावलं, मान वर, एकाने खाल्लं की दुसरा बघणार, दुसऱ्याने खाल्लं की पहिला. कार थांबवून दार उघडलं असतं तर एवढं दिसलं नसतं. सायकल ही त्यांना बहुतेक गुराख्याचाच एक प्रकार वाटते.

पूर्वेकडे कंपेलचा भाग एकदम वेगळा. आज छोटं गाव, पण इंदूर नावारूपाला यायच्या आधी या परगण्याचं ठाणं कंपेलला होतं. देवगुराडिया ओलांडून तिकडे गेलं की टेकड्या सुरू होतात, उघड्या, गवताळ, मुरुमाच्या, त्यांच्यावर जानेवारीतलं वाळकं गवत पिवळं धमक. पुढे उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेचा उगम आहे, सिंहस्थाच्या वेळी ज्या क्षिप्रेत लाखो लोक उज्जैनला स्नान करतात ती इथे एका कुंडाएवढी. २०१४ पासून नर्मदेचं पाणी पाइपाने वर आणून इथेच क्षिप्रेत सोडतात. रोजडे या बाजूला पुष्कळ, नीलगाईंचा कळप रस्त्याच्या मधोमध उभा असतो, आपण थांबायचं, ते ठरवतील तेव्हा जातील.

पण माझा जीव दक्षिणेला आहे. आमचं घर राजेंद्र नगरला, म्हणजे रावू हाकेच्या अंतरावर, पुढे महू, आणि महूच्या पलीकडे जमीन जी रंग बदलते. आधी बटाट्याची शेतं, फेब्रुवारीत काढणी चालू असते, बायका ओळीने वाकलेल्या आणि शेताच्या कडेला बटाट्यांचे ढीग. मग माती पातळ होत जाते, दगड डोकं काढतात, शेतं लहान होतात, मग साग, मग खाखरा, म्हणजे आपला पळस. मार्चच्या सुरुवातीला पान एक नाही आणि सगळं झाड केशरी. त्याच्या पुढे महिन्याभरात मोहाची फुलं पडतात, पहाटे झाडाखाली टोपल्या घेऊन भिलांची घरंच्या घरं आलेली असतात, आणि सगळ्या रानाला एक गोड आंबूस वास. कुणीतरी मूठभर हातावर ठेवतं, खा म्हणतं. मी खाते.

जिथे पठार तुटतं त्या कडेने जाणाऱ्या वाटा मला सगळ्यात आवडतात. डावीकडे माळवा, सपाट, शेतीचा, थंड. उजवीकडे खोल दरी, जंगल, आणि त्याच्या पलीकडे धुरकट निमाड. सकाळी दरीतून गरम हवा वर यायला लागते ती गालावर कळते. महूहून मंडलेश्वरला जाणाऱ्या घाटात अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा आहे, १७९१ सालचा. महेश्वर राजधानी आणि इंदूर वर पठारावर, म्हणजे बरीच ये-जा या घाटाने. आमच्यासारखी किती मराठी कुटुंबं होळकरांच्या मागे इकडे आली, त्यांच्यातलं कुणीतरी या चढावर घाम पुसत थांबलं असणार, हे तिथे उभं राहिल्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही. तो रस्ता आता पक्का आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दीही असते, मी त्याच्या आजूबाजूच्या गावांना जोडणाऱ्या वाटांनी जाते आणि दरवाजापाशी फक्त टेकते.

आणि त्याच भागात आपलं पाणी भेटतं. इंदूरच्या नळाला येणारी नर्मदा मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येते, १९७८ पासून, सत्तरेक किलोमीटर, घाट चढून. घरी बादली भरताना हे वाक्य फक्त वाक्य असतं. पण एकदा खालून वर सायकल चढवून बघा. चारशे मीटरपेक्षा जास्त चढ, शेवटच्या टप्प्यात मी सगळ्यात हलक्या गेअरवर असते आणि तरी मांड्या पेटलेल्या असतात, स्वतःचं साठ किलो वजन आणि वर पाण्याच्या दोन बाटल्या एवढंच वर आणायचं असतं तरी. तिथून रोज एका अख्ख्या शहराचं पाणी पंपांनी वर ढकललं जातं. त्यानंतर मी अंगण पाइपने धुणं सोडलं, आणि आमच्या शेजारच्या काकूंनाही चार-चारदा सांगून झालंय.

आता सायकलचं. लोकांना वाटतं यासाठी लाखभराची सायकल लागते. ग्रॅव्हल बाइक म्हणून जी मिळते तिचं हँडल रोड बाइकसारखं वाकलेलं असतं आणि टायर जाड, साधारण ३८ ते ५० मिलिमीटर, चांगली असते, नाही म्हणत नाही. पण साधी हायब्रीड, जिच्यात ४० मिलिमीटरचा टायर बसतो, ती नव्वद टक्के ठिकाणी जाते. मुख्य गोष्ट हवेची. रोड बाइकच्या बारीक टायरमध्ये लोक ८०-१०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात, तेवढी हवा मुरुमावर घेऊन गेलात तर प्रत्येक खडा मनगटात येईल आणि चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरेल. मी ट्यूबलेस टायरमध्ये पस्तीसच्या आसपास ठेवते, अंगठ्याने दाबलं तर जरासं दबलं पाहिजे. ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटली जाते.

आणि काटे. शेताला कुंपण म्हणून बाभळीच्या फांद्या आडव्या टाकतात, गुरं शिरू नयेत म्हणून, आणि पेरणी-कापणीला त्या ओढून बाजूला करतात तेव्हा काटे रस्त्यावर सांडतात. पांढरा, बोटाएवढा, सुईसारखा सरळ. तो टायरमधून सरळ आरपार जातो. त्याच्यापेक्षा वाईट गोखरू, कारण तो दिसत नाही, कसाही पडला तरी एक काटा वर असतोच. सीलंट भरलेला ट्यूबलेस टायर असेल तर काटा उपटल्यावर पांढरा फेस येतो, चाक दोन-तीनदा फिरवलं की भोक बुजतं, पुढे चला. ट्यूबवाल्यांनी दोन ट्यूब आणि पॅच ठेवावेत, आणि काटा काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून बघावं, मोडलेलं टोक आत राहिलेलं असतं आणि नवी ट्यूब लगेच जाते.

माणसांबद्दल लिहायला हवं, कारण या रस्त्यांवर गाड्या नसतात, माणसं असतात. "कां जा रिये हो भिया" म्हणून लांबून हाक येते, जवळ गेल्यावर बाई आहे हे कळतं, मग "अरे दीदी हैं" आणि खाट पुढे ओढली जाते. पाणी, चहा, फेब्रुवारीत हरभऱ्याचे डहाळे. माझा नियम एकच, रस्ता शेतातून जात असेल आणि कुणी दिसत असेल तर विचारायचं, आणि काठी आडवी लावलेली असेल तर ती जशी होती तशी परत लावायची, कारण आपण लावायला विसरलो तर गुरं कुणाच्यातरी गव्हात जातात. स्पीकर लावून जायचं नाही. कुत्री मागे लागली तर पळायचं नाही, उतरायचं, सायकल मध्ये घ्यायची आणि चालत निघायचं, शंभर पावलांत त्यांची हद्द संपते. घाटातल्या जंगलात फोनला रेंज नसते म्हणून निघताना भाचीला रूट पाठवते आणि शेवटच्या गावातल्या चहावाल्याला सांगून जाते की इकडून गेलेय आणि तिकडून निघणार. बायका मला विचारतात की एकटीला भीती वाटत नाही का. मला हायवेवर वाटते. खेड्यातल्या वाटेवर तासाभरात निदान चार लोकांनी मला बघितलेलं असतं आणि चौघांना मी कुठे चाललेय ते माहीत असतं.

हे रस्ते कमी होतायत, हे खरं आहे, आणि याबद्दल मला दोन गोष्टी वाटतात ज्या एकमेकींशी जुळत नाहीत. २००० साली प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली तेव्हापासून गावोगाव पक्का रस्ता पोचला. त्याच्याबद्दल तक्रार करायचा मला हक्क नाही. पावसाळ्यात बाळंतीण खाटेवर घालून त्या काळ्या चिखलातून न्यावी लागायची, सोयाबीन मंडीत पोचेपर्यंत भिजायचं, पोरी आठवीनंतर शाळा सोडायच्या कारण वाट नव्हती. ज्याला रोज त्या वाटेने जायचंय त्याने डांबर मागितलं तर मी रविवारी येणारी कोण नाही म्हणणारी. पण जिथे गाव नाही, घर नाही, तिथेही आता चुन्याच्या रेघा दिसतात, दगड रोवलेले, फाटकाचे दोन खांब, आणि बोर्ड. गाडीवाट त्या प्लॉटांच्या मध्ये गिळली जाते. शंभर-दोनशे वर्षं बैल, माणसं, वऱ्हाडं जिथून गेली ती वाट एका कुंपणाने संपते, आणि वळसा घालून हायवेवर जावं लागतं, सायकलवाल्यालाच नाही, त्या बकऱ्यावाल्या म्हाताऱ्यालाही. तो हायवे ओलांडताना मी बघितलाय, एका हातात काठी, दुसरा हात ट्रकला थांबवायला वर. याचा मला राग येतो. महसूल नकाशात जी वाट आहे ती वाट म्हणून राहिली पाहिजे, एवढं साधं आहे.

आणि एक मोठी वाट अजून ठरायची आहे. १८७० च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं आणि खंडव्याहून इंदूरला मीटरगेज रेल्वे आली, घाटात बोगदे, दगडी पूल, पाताळपाणीचा धबधबा, खाली कालाकुंड. पाताळपाणीला इंग्रजांशी लढलेल्या तंट्या भिलाचं देऊळ आहे, तिथे गाडी क्षणभर थांबायची, मगच पुढे. कालाकुंडला खाखऱ्याच्या पानात कलाकंद मिळतो, तो मी चोरलच्या बाजूने सायकलवर जाऊन खाल्लाय आणि त्या चढ-उतारानंतर तो जसा लागतो तसा गाडीतून उतरून लागत नाही. २०१८ पासून पाताळपाणी ते कालाकुंड हेरिटेज ट्रेन चालते, ती चालावी, त्या भागात सायकल घालायचं नाव काढू नये, रेल्वेच्या हद्दीत असं शिरणं बेकायदा आहे आणि धोक्याचंही. पण मीटरगेजच्या जागी येणारं ब्रॉडगेज आता घाटात वेगळ्या मार्गाने जाणार, आणि कालाकुंडच्या पुढे जुन्या मीटरगेजचा जो भाग मोकळा होईल तो काय करायचा? स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलीच्या हिरव्या वाटा केल्यात, न्यूझीलंडमध्ये ओटागोची दीडशे किलोमीटरची रेल्वेलाइन २००० पासून सायकलवाल्यांची आहे आणि तिच्यामुळे वाटेतल्या ओस पडत चाललेल्या गावांत खानावळी आणि मुक्कामाच्या खोल्या चालायला लागल्या. रेल्वेचा चढ सौम्य असतो, इंजिनाला झेपेल एवढाच, म्हणजे शाळेतल्या पोरांना आणि माझ्या वयाच्या बायकांनाही झेपेल असा. खाली खडी आहेच, ती दाबून वर मुरूम टाकला की झालं, डांबराची गरज नाही. गावातल्या लोकांना चालायला वाट, मुलींना शाळेत जायला वाट, आणि आम्हाला घाट.

यासाठी रूळ उचलायच्या आधी बोलावं लागेल, पूल तोडून भंगारात गेल्यावर नाही. मी आमच्या सायकलवाल्या ग्रुपमध्ये विषय काढलाय, चोरलच्या बाजूच्या दोन पंचायतींत ज्यांच्याशी चहाची ओळख आहे त्यांच्याशीही बोललेय, एक सरपंचबाई म्हणाल्या की आधी नकाशा आणा, कुठून कुठे ते दाखवा, मग ठराव बघू. तो नकाशा करायला घेतलाय. ज्यांना त्या भागातल्या वाटा पायाखालच्या माहीत आहेत, महू, सिमरोल, बडवाह, कुठलेही असोत, त्यांनी सांगा, दिवाळीनंतर वाटा वाळल्या की सोबत जाऊन एकेक बघून येऊ.